गोरिलाची खरूज आणि आपलं पॅकेज

1996 साली युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिलांच्या एका कुटुंबाला खरूज झाली. केस गळले, कातडी पांढरी पडून खवले निघायला लागले, दिवसभर नुसतं खाजवणं, आणि एक पिल्लू त्यात गेलंच. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका तेव्हा विशीतली पोरगी, युगांडाच्या वन्यजीव खात्याची पहिली व्हेट म्हणून नुकतीच लागलेली. तिने काय केलं, तर माणसांच्या एका डॉक्टरला विचारलं की आपल्या लोकांना सगळ्यात जास्त कुठला त्वचारोग होतो. तो म्हणाला खरूज. मग आयव्हरमेक्टिन हे खरजेवरचं औषध दिलं आणि बाकीचे बरे झाले. आता गोरिलाला खरूज आली कुठून, तर बहुधा बुजगावण्यांवरून. जंगलाला अगदी चिकटून शेतं, गोरिला केळीचा गाभा खायला बाहेर येणार, शेतकरी पीक राखायला बुजगावणी उभी करणार आणि त्यांना घरातलेच जुने मळके कपडे घालणार, आणि गोरिलाला तर नवीन वस्तू हातात घेऊन बघायची भारी हौस.

युगांडाला जायचंय, काय बघू, असं कोणी विचारलं की मी आधी ही गोष्ट सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण त्याला हॉटेलचं नाव हवं असतं. पण माझं म्हणणं असं की ही गोष्ट डोक्यात ठेवून गेलात तर तो देश कळतो, नाहीतर नुसते फोटो मिळतात. आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये कसं असतं, एका बाजूला वाइल्डलाइफ आणि एका बाजूला कल्चर, म्हणजे सकाळी प्राणी आणि संध्याकाळी नाच. त्यात परत आपली मंडळी पूर्व आफ्रिका म्हणजे मसाई मारा समजतात, मायग्रेशन बघितलं, सिंह बघितला, लाल शालीतल्या मसाईंच्या बरोबर उड्या मारून झाल्या, चला. युगांडाला कोणी गेलंच तर गोरिलासाठी. मला तिथे फिरताना सारखं जाणवत होतं की प्राणी आणि माणसं असे दोन वेगवेगळे कप्पे तिथे नाहीचेत, ते कप्पे आपण पाडलेत, आणि एका ठिकाणी तर ते कायद्याने पाडलेत. त्या ठिकाणाबद्दल शेवटी सांगते.

मुंबईहून एन्टेबेला 2023 पासून युगांडा एअरलाइन्सची डायरेक्ट फ्लाइट आहे, त्यामुळे आता नैरोबीला ताटकळावं लागत नाही. यलो फीव्हरची लस मात्र वेळेत घ्या, तिथे जाताना लागतेच पण परत येताना आपल्या एअरपोर्टवर कार्ड नसेल तर सरळ क्वारंटाइनमध्ये टाकतात.

कंपालामध्ये नवऱ्याचा मामेभाऊ नोकरीला आहे, त्याच्याकडे उतरलो. कंपाला म्हणजे टेकड्या, ट्रॅफिक आणि बोडा-बोडा, म्हणजे टॅक्सीसारख्या चालणाऱ्या मोटरसायकली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मला तरी बजाज बॉक्सरच दिसल्या. आपल्याकडे बॉक्सर रस्त्यावर दिसेनाशी झाली आणि इथे एका गाडीवर तीन माणसं, एक कोंबडा आणि केळीचा घड. नवरा पुणेकर असल्यामुळे त्याचा ऊर जो भरून आला तो संध्याकाळपर्यंत तसाच. नाश्त्याला रस्त्यावरचं रोलेक्स, म्हणजे चपातीत ऑम्लेट, कोबी, टोमॅटो घालून केलेली गुंडाळी. त्या चपातीला तिथे चपातीच म्हणतात. 1972 मध्ये इदी अमीनने 90 दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं, नव्वदीत मुसेवेनी सरकारने त्यातल्या पुष्कळांच्या मालमत्ता परत दिल्या आणि बरेच जण परत आले, पण मधल्या सगळ्या वर्षांत चपाती काही कुठे गेली नाही. आता ती युगांडाची झाली, ती लाटणाऱ्या पोराला सांगून बघा की ही आमच्याकडची, तो तुमच्याकडे दयेने बघेल.

कासुबी मात्र चुकवू नका. हे बुगांडा राज्याच्या राजांचं दफनस्थान, राजाला कबाका म्हणतात. टेकडीवर गवताने शाकारलेलं प्रचंड मोठं गोल घर, मूळ राजवाडा 1882 चा, पुढे मुतेसा पहिला त्यातच पुरला गेला आणि त्याच्यानंतरचे तीन कबाकाही तिथेच. 2001 ला युनेस्कोच्या यादीत आलं आणि 2010 च्या मार्चमध्ये एका रात्रीत जळालं. मग वर्षानुवर्षं बांधकाम, आणि 2023 मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीतून बाहेर. इतका वेळ का लागला तर शाकारायचं काम कोणीही करून चालत नाही, ते एका ठरावीक कुळाचंच काम आहे, त्याचे विधी आहेत, पथ्यं आहेत. छताला आतून वेताच्या-पात्यांच्या गोल कड्या आहेत, बावन्न, बुगांडाच्या बावन्न कुळांच्या नावाने. आत झाडाच्या सालीच्या कापडाचा पडदा लावलेला, आणि त्या पडद्यामागे जे आहे त्याला ते लोक जंगल म्हणतात. राजा मेला असं म्हणायचं नाही, राजा जंगलात गेला. त्या अंधाऱ्या घरात चटईवर बसून हे ऐकलं आणि कल्चरल साइट म्हणून खूण केलेल्या जागेत पहिल्यांदा जंगल भेटलं.

ते सालीचं कापड कसं करतात तेही बघायला मिळतं. मुतुबा नावाच्या झाडाची, म्हणजे आपल्या वड-उंबराच्या घराण्यातलंच झाड, साल सोलून काढायची, वाफवायची आणि लाकडी हातोड्यांनी बडवत बडवत पसरवायची, साल सोललेल्या बुंध्याला केळीची पानं गुंडाळून ठेवायची म्हणजे परत साल येते. विटकरी रंगाचं मऊ कापड होतं. हे काम परंपरेने न्गोंगे कुळाचं, म्हणजे पाणमांजराचं कुळ.

आता ही कुळं. बागांडा, म्हणजे बुगांडाच्या लोकांत प्रत्येक कुळाचं एक प्रतीक असतं, बहुतेकदा प्राणी. सिंह, हत्ती, माकड, फुफ्फुसमासा, एक तर चक्क नाकतोडा. आपल्या कुळाचा प्राणी मारायचा नाही, खायचा नाही आणि त्याच कुळात लग्न करायचं नाही. आपल्याकडे देवक असतंच की, कोणाचं पंचपल्लव, कोणाचं कळंब, कोणाचं मोराचं पीस, आणि समान देवकात सोयरीक होत नाही म्हणून मोडलेली स्थळं आमच्याच घरात आहेत, त्यामुळे मला हे समजावून सांगायची गरज पडली नाही. आमचा ड्रायव्हर-कम-गाइड नाकतोड्याच्या कुळाचा, म्हणजे न्सेनेने. आणि नोव्हेंबरमध्ये अख्खा युगांडा नाकतोडे तळून खातो! रात्री मोठाले दिवे लावतात, पत्रे तिरपे उभे करतात, दिव्याला भुलून आलेले किडे पत्र्यावर आपटून खालच्या ड्रममध्ये पडतात, सकाळी पाय-पंख काढून कांदा घालून परततात. सगळं गाव खातंय आणि ह्याला चालत नाही. मी विचारलं, मन होत नाही? तर म्हणाला, मॅडम, बायको दुसऱ्या कुळातली आहे, ती माझ्यासमोर बसून खाते.

पण यावरून लगेच भाबडं होण्यात अर्थ नाही, की बघा पूर्वजांनी कसा निसर्ग जपला वगैरे. हत्तीचं कुळ होतंच आणि अमीनच्या काळात आणि त्यानंतरच्या लढायांत मर्चिसन फॉल्सच्या भागातले हत्ती हजारांनी मारले गेले, सैनिकांच्या हातात बंदुका आल्या आणि बाजारात हस्तिदंताला भाव होता, तिथे कोण कोणाचं कुळ विचारतंय. गेंडे तर संपलेच, देशातला शेवटचा जंगली गेंडा 1983 मध्ये मारला गेला. आता कंपालाहून मर्चिसनला जाताना वाटेत झिवा नावाचं गेंड्यांचं अभयारण्य लागतं, तिथे 2005 पासून सहा पांढरे गेंडे आणून परत सुरुवात केली, चार केनियातले आणि दोन थेट अमेरिकेतल्या डिस्नेच्या प्राणीसंग्रहालयातले. 2009 मध्ये पहिलं पिल्लू झालं, बाप केनियन आणि आई अमेरिकन, मग नाव काय ठेवणार, ओबामा. खुद्द मर्चिसन फॉल्स भारीच आहे, अख्खी नाइल सातेक मीटरच्या फटीतून घुसून 43 मीटर खाली आदळते, वर उभं राहिलं की पायाखालचा दगड थरथरतो. पण त्याच पार्कात आता तेलाच्या विहिरी खणतायत, हेही दिसतं, आणि हे कुठल्या माहितीपत्रकात नसतं.

एन्टेबेजवळ माबांबा म्हणून दलदल आहे, तिथे शूबिल बघायला होडीतून जातात. चार-साडेचार फूट उंच राखाडी पक्षी, चोच म्हणजे लाकडी खडाव उलटी लावल्यासारखी, आणि तासनतास हलत नाही. त्याचं आवडतं खाणं फुफ्फुसमासा, आणि कोळ्यांनाही तोच मासा हवा. त्यात कोळ्यांची समजूत की शूबिल दिसला की त्या दिवशी जाळं रिकामं, म्हणून दिसला की मारायचे. आता तेच कोळी होड्या चालवतात आणि पर्यटकांना शूबिल दाखवतात. आमच्या होडीवाल्याला विचारलं की मग अपशकुन? तो हसून म्हणाला की आता तो दिसला नाही तर अपशकुन, टिप मिळत नाही. अख्ख्या ट्रिपमध्ये माणूस आणि प्राण्याचा इतका रोखठोक तह मी दुसरीकडे बघितला नाही.

दक्षिणेकडे निघालं की कायाब्वेला विषुववृत्त लागतं. पांढऱ्या गोल कमानीत उभं राहून फोटो काढा, पण ते बेसिनमधलं पाणी अलीकडे उजवीकडून आणि पलीकडे डावीकडून फिरतं असं दाखवणारा जो माणूस असतो त्याला पैसे द्यायचे ते हातचलाखीचे म्हणून द्या, पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एवढ्याशा बेसिनमध्ये दिसत नाही, तो पाणी ओततानाच फिरवतो. नवऱ्याने तिथे फिजिक्स समजावून सांगायला सुरुवात केली, मी त्याला गाडीत बसवलं.

क्वीन एलिझाबेथ पार्कात सगळे काझिंगा चॅनलच्या बोटीवर बसतात, पाणघोडे, म्हशी, मगरी, एकाच वेळी सगळं, आणि इशाशाला अंजिराच्या झाडावर चढून झोपणारे सिंह. ते बघाच. पण त्याच पार्काला लागून कात्वेचं खारं सरोवर आहे, ज्वालामुखीच्या खड्ड्यातलं, तिथे शेकडो वर्षं हाताने मीठ काढतात. काठाला आपल्या मिठागरांसारखे वाफे पाडलेले, प्रत्येक वाफा कुठल्यातरी घराचा. बायका वाफ्यांत मीठ गोळा करतात आणि पुरुष कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उतरून तळातले मिठाचे थर फोडतात, जखम असेल तर विचारूच नका, आणि नसली तरी त्या पाण्याने होते. बाजूला एका जर्मन कंपनीने उभारलेला मिठाचा कारखाना गंजून पडलाय, त्या खारटपणाने पाइपच खाल्ले, यंत्र हरलं आणि माणसं अजून उभी आहेत पाण्यात. मला सिंहापेक्षा ते जास्त लक्षात राहिलं, आणि तिथे आमच्याशिवाय एकही टुरिस्ट नव्हता.

या पार्काच्या हद्दीत गावं आहेत, कोळ्यांची, गुराख्यांची. सिंह गुरं मारतात, मग कोणीतरी मेलेल्या जनावरात विष घालतं. 2018 मध्ये एकदम अकरा सिंह असे गेले, त्यातले आठ तर बछडे. जेकब नावाचा एक सिंह आहे, शिकाऱ्यांच्या सापळ्यात सापडून त्याचा एक पाय गेला, तीन पायांवर जगतोय, आणि 2024 मध्ये तो भावाला घेऊन रात्री मगरींनी भरलेला तो काझिंगा चॅनल पोहून पलीकडे गेला, किलोमीटरभर तरी अंतर. कशाला, तर अभ्यासकांचा अंदाज आहे माद्या शोधायला, कारण अलीकडे उरल्याच नाहीत फारशा. ही बातमी जगभर गाजली, सापळा लावणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय शिजलं होतं याची बातमी होत नाही. मी सापळ्याची बाजू घेत नाहीये, पण सापळा किंवा फासकी बहुतेकदा रानडुकरासाठी किंवा हरणासाठी लावलेली असते, सिंह मध्ये येतो.

आणि मग ब्विंडी. कंपालाहून गाडीने अख्खा दिवस जातो, शेवटचे काही तास तर नुसते घाट, डोंगरांना तळापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची शेती, बटाटा, घेवडा, केळी, आणि अचानक एका रेषेवर शेती संपते आणि भिंतीसारखं जंगल सुरू होतं. मध्ये काही नाही. काही ठिकाणी त्या रेषेवर चहा लावलाय कारण गोरिलांना चहा आवडत नाही, त्यामुळे तो कुंपणाचं काम करतो. जगात आता हजाराच्या थोडे वर डोंगरी गोरिला आहेत, 2019 ला जाहीर झालेला आकडा 1063 होता, त्यातले निम्म्याच्या जवळपास इथले.

परमिट परदेशी माणसाला 800 डॉलर, 2024 च्या जुलैपासून. शेजारच्या रवांडात 1500, म्हणून लोक इकडे येतात. सकाळी ब्रीफिंग, आठ जणांचा ग्रुप, मोजे पॅन्टवर चढवायचे नाहीतर मुंग्या आत शिरतात, मास्क सक्तीचा कारण आपली सर्दी त्यांना जीवघेणी ठरू शकते. पोर्टर घ्याच, बॅग हलकी असली तरी घ्या, त्या गावात रोजगार म्हणजे तोच, आणि चिखलात मागून ढकलायला कोणीतरी लागतंच. ट्रॅकर पहाटेच जाऊन गोरिला रात्री जिथे झोपले ती घरटी शोधतात, रोज रात्री ते नवीन घरटं करतात, तिथून माग काढत जातात आणि वॉकीटॉकीवर कळवतात. आम्ही काटेरी वेलींतून चढत, घसरत, शिव्या घालत पोचलो तेव्हा गाइडने घसा खाकरल्यासारखा एक आवाज काढला, त्यांच्या भाषेत ‘आम्ही आहोत, काळजी नको’, आणि झुडपातून तसाच आवाज परत आला. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठीवरचे केस रुपेरी झालेला मोठा नर, पाठ करून बसला होता, खात होता. एक तास मिळतो, घड्याळ लावून. मी त्या तासाचं वर्णन करायच्या फंदात पडत नाही, सगळ्यांनी ते केलंय आणि सगळे तेच लिहितात, डोळे माणसासारखे होते वगैरे. होते. मला जास्त लक्षात राहिलं ते एका पिल्लाचं नाक साफ करणं.

जून 2020 मध्ये, म्हणजे लॉकडाऊनमध्ये, पर्यटक बंद, पैसा बंद, तेव्हा राफिकी नावाचा ब्विंडीतला प्रसिद्ध सिल्व्हरबॅक भाल्याने मारला गेला. मारणारा रानातली छोटी शिकार करायला आत शिरला होता, म्हणाला गोरिला अंगावर आला. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही बाजूंनी वाईट वाटावं अशी गोष्ट आहे, आणि कलेमा-झिकुसोका बाईंचं जे सुरुवातीपासूनचं म्हणणं आहे की गावातल्या माणसांचं आरोग्य आणि पोट सांभाळल्याशिवाय गोरिला सांभाळता येणार नाही, ते तिथे उभं राहून अगदी हिशेबासारखं पटतं. खरजेच्या त्या प्रकरणानंतर 2003 मध्ये त्यांनी संस्थाच काढली, गावातल्या लोकांची आणि गोरिलांची तपासणी बरोबरीने करणारी.

आता ते कायद्याने पाडलेले कप्पे. या जंगलात बात्वा लोक राहायचे. शिकार, मध, कंदमुळं, गुहा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गोरिला ते मारत नसत. 1991 मध्ये ब्विंडी आणि बाजूचं म्गाहिंगा ही दोन्ही नॅशनल पार्क झाली आणि बात्वांना बाहेर काढलं. शेती करत नव्हते म्हणून जमीन त्यांची आहे हे दाखवायला काही नाही, बहुतेकांच्या हातात काहीच पडलं नाही. ज्यांच्या शेतांनी जंगल खरोखर कापत आणलं ते रेषेबाहेर शेतकरी म्हणून राहिले, आणि जे जंगलात राहून जंगल राखून होते ते रेषेबाहेर मजूर झाले. मेळघाटातून उठवलेल्या कोरकू गावांची गोष्ट ज्यांना माहितीये त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आणि आता पर्यटकांसाठी ‘बात्वा अनुभव’ आहे. आम्ही म्गाहिंगाचा केला. एक म्हातारे गृहस्थ सालीचा पेहराव घालून पुढे, काठीवर काठी घासून आग काढून दाखवली, मधाच्या पोळ्याशी कसं बोलायचं ते दाखवलं, ढोपराएवढ्या दाराची पानांची झोपडी, हरणाची फासकी. होय, तीच फासकी जिच्यासाठी बाहेर तुरुंग आहे, इथे ती प्रात्यक्षिक होती. शेवटी गारामा गुहेत, जी त्यांच्या राजाची जागा, अंधारात बायका गायल्या. बरोबर बंदूकवाला रेंजर होता. तो आमच्या सुरक्षेला असतो हे खरंच, पण हेही खरं की त्या म्हाताऱ्यांना त्या जंगलात पाय टाकायचा तर आमच्यासारखं कोणीतरी तिकीट काढून यावं लागतं. हे बघावं की बघू नये यावर मी आणि नवरा रात्री जेवताना भांडलो. तो म्हणाला, हा तमाशा आहे, माणसांचं झू. मला तसं वाटलं नाही. त्या आजोबांनी एका झाडाची साल ओरबाडून माझ्या नाकाशी धरली आणि पोटदुखीवरचं औषध म्हणून सांगितलं, तेव्हा ते अभिनय करत नव्हते, ते वैतागले होते कारण मी फोटो काढत होते आणि वास घेत नव्हते.

बात्वांनी कोर्टात केस टाकली, 2021 मध्ये घटनात्मक कोर्टाने त्यांच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, सरकार अपिलात गेलं. दरम्यान पार्कच्या प्रवेश फीतले 20 टक्के आणि गोरिला परमिटमधले 10 डॉलर आजूबाजूच्या गावांना जातात, त्यातून शाळा, रस्ते, शेळ्या वगैरे होतं. 800 मधले 10. आणि गाव म्हणजे मुख्यतः जमीनवाले शेतकरी, देशात बात्वा आहेतच सहा-सात हजार, कमिटीत त्यांचं कोण ऐकणार.

परवा एका मैत्रिणीने तिच्या टूरवाल्याने पाठवलेला प्लॅन मला फॉरवर्ड केला. गोरिला ट्रेकच्या दिवशी दुपारी ‘बात्वा कम्युनिटी व्हिजिट, ऑप्शनल, वेळ उरल्यास’. आता ट्रेकवरून माणूस कधी दोनला येतो कधी पाचला येतो, आणि आला की बूट काढून आडवा होतो, वेळ उरत नसतो. तिला सांगितलं, ही व्हिजिट एक दिवस आधी घे आणि ऑप्शनल काढायला लाव, आणि विचार त्याला की तिकिटाचे पैसे बात्वांच्या हातात किती जातात. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.